बरणीतला हिरवा दिवा

माझा धाकटा भाऊ म्हणजे नुसता खटपट्या. घरातली एक वस्तू त्याने धड ठेवली नाही. रेडिओ उघडला, मिक्सर उघडला, माझ्या लग्नात आलेलं घड्याळसुद्धा उघडलं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा मला वाटलं, सुटले बाई! तर पहिल्याच सुट्टीत आईसाठी जॅमची रिकामी बरणी घेऊन हजर. आत बोटाएवढा सर्किट बोर्ड, त्यावर चिप, आणि भोवती बारीक बारीक एलईडी.

"आई, मी माझ्या खोलीचं दार उघडून आत आलो की ही हिरवी होईल. बाहेर असलो की नारिंगी. म्हणजे सारखे फोन नकोत."

"जॅमसकट आणली असतीस तर काही उपयोग तरी झाला असता," मी म्हटलं. आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी बरणी उचलून तिच्या खुर्चीसमोर ठेवली.

तेव्हापासून बरणी म्हणजे आईचा जीव की प्राण. संध्याकाळी ती हिरवी झाल्याशिवाय बाई जेवायला बसायच्या नाहीत. आमचं मेलं इंटरनेट सारखं जायचं, त्याच्या दाराचा निरोप बरणीपर्यंत पोचायचा नाही, बरणी नारिंगीच राहायची आणि आई उपाशी. शेवटी भावाने प्रोग्राम बदलला. अंधार पडला आणि निरोप आला नाही, तर बरणीने आपली आपण हिरवी व्हायचं. वीज गेली तरी चालावी म्हणून आत बॅटरीही बसवली.

"आई जेवते ना? झालं तर मग," तो मला एकटीला सांगून हसला. "तू मात्र बोलू नकोस हं तिला."

परवा दिवेलागणीला त्याच्या ऑफिसातल्या मित्राचा फोन आला. भाऊ जिन्यावरून पडला होता. डोक्याला मार लागला होता, हॉस्पिटलात होता, शुद्ध नव्हती. "आईंना घेऊन लगेच निघा, ताई. उशीर करू नका."

मी गाडी बोलावली, हाताला लागतील ते कपडे पिशवीत कोंबले आणि आईला सांगायला गेले. ती बरणीसमोर बसली होती. बरणी हिरवीगार.

"कुणीतरी थट्टा करतंय तुझी," आई म्हणाली. "तो घरी आलाय की. हे काय!"

"अगं, ती आपोआप होते हिरवी! त्यानेच तसं करून ठेवलंय!"

"तुला पहिल्यापासून त्याचं कौतुक बघवत नाही."

तिच्यासमोर त्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. "दमून झोपला असेल," आई म्हणाली. ओढलं तर खुर्चीचा हात सोडेना. तिला एकटी टाकून जाणंही शक्य नव्हतं. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

माझं डोकंच सटकलं. मी बरणीची वायर उपटली. बरणी मख्खासारखी जळतच राहिली.

"बघ!" आई म्हणाली.

मग मी झाकण फिरवलं आणि बॅटरी ओढून काढली. दिवा गेला.

"काय केलंस गं! माझं लेकरू!" आई किंचाळली. छाती दाबून धरून खुर्चीतून खाली घसरायला लागली. ओठ पांढरेफटक. आता विश्वास बसला होता तिचा, पण असा! काय करणार होते मी? एका हाताने तिला सावरलं आणि दुसऱ्या हाताने बॅटरीची पिन परत अडकवायला लागले. पिन बसेना. "बस की गं मेले," मी पिनेला म्हटलं. बसली. बरणी आधी नारिंगी झाली, जरा थांबली, मग हिरवी.

आईचा श्वास परत आला. तिने पदराने डोळे पुसले.

"आला. उगाच घाबरवतेस माणसाला. वाढ आता."

मला रडूही येईना. मी वाढलं. तेवढ्यात परत मित्राचा फोन.

"ताई, निघालात का?"

"निघतेच आहे. आई जरा..."

तो म्हणाला, "आता घाई करून उपयोग नाही, ताई. सावकाश या."

आईने ताट पुढे ओढलं होतं.

"त्याचाच ना गं फोन?" ती म्हणाली. "विचार, जेवला का."