पथ्य पाळत नाही

“हे कोणी लिहिलंय, काका?”

संशोधन विभागाच्या मॅडमनी रक्ताच्या नमुन्यासोबतचा सहा वर्षांपूर्वीचा फॉर्म माझ्यापुढे धरला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पथ्य पाळत नाही.’ अक्षर माझंच होतं. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लिहिण्यात तीस वर्षं गेली, आता नाकारणार कसं?

“मीच.”

“या बाईंना विचारून?”

“माझी थोरली बहीण आहे ती. मला ठाऊक होतं.”

खरं तर मला काडीचंही ठाऊक नव्हतं. ताई अंगानं अगदी पाप्याचं पितर, आणि कोलेस्टेरॉल मात्र तीनशेच्या खाली उतरायला तयार नाही. रक्त तपासणाऱ्याच्या घरात असा आकडा म्हणजे माझंच नाक कापल्यासारखं. ती चोरून खाते, असं मी ठरवून टाकलं. लोणी कपाटात गेलं, किल्ली माझ्या खिशात आली. पाहुण्यांपुढे मी हसत म्हणायचो, “लोणी झाका, आमची ताई आली.” सगळे हसायचे, तीही हसायची. आई गेल्यावर हिनंच लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं होतं.

एकदाच ती म्हणाली होती, “अरे, मी खरंच काही खात नाही रे.”

“रक्त खोटं बोलत नाही, ताई.”

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. डॉक्टर गोळ्या देत होते, तर मीच म्हणालो, आधी तोंड आवरू दे. गेल्या वर्षी जिन्यात तिच्या छातीत कळ आली. तेव्हा कुठे गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशीही मी तिला पहिला प्रश्न विचारला तो हाच, काय खाल्लंस?

मॅडम सांगत होत्या, “तुमच्या शेऱ्यामुळे हा नमुना बाजूला पडला. फ्रीझरमध्ये नुसता पडून होता. परवा मी तपासून पाहिला. यकृताच्या पेशीत आरएनएचे इवलेसे तुकडे असतात, ते रक्तातही सापडतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढायला पेशीला दारं लागतात. ती बनवायचा निरोप निघाला, की काही तुकडे त्यालाच चिकटून बसतात. मग दारं कमी बनतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. यांच्या नमुन्यात तसला एक तुकडा भलताच जास्त दिसतोय. अजून पुष्कळ तपासायचंय, पण हा नुसत्या खाण्याचा प्रकार वाटत नाही.”

मी मान खाली घातली. हे आरएनए भारी नाजूक, उघडं बोट लागलं तरी नासतात. त्यांच्यासाठी मी दोन-दोन हातमोजे चढवतो. ताईशी बोलताना एवढी काळजी मी कधी घेतली नव्हती. मला माझीच लाज वाटत होती.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोरा फॉर्म दिला. “या वेळी त्यांना विचारून भरा.”

संध्याकाळी ताई चहा गाळत होती. मी टेबलाशी फॉर्म घेऊन बसलो.

“ताई, पथ्य पाळतेस का, असं विचारलंय.”

“तुला काय लिहायचं ते लिही. तुला जास्त कळतं.” आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच तसं वाटत होतं.

“मला काही कळत नव्हतं. तुझा दोष नव्हता, ताई. रक्तातच होतं ते. मी चुकलो.”

तिनं गाळणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे मी खात नव्हते, हे आता कळलं तुम्हाला?”

तिनं मला ‘तुम्हाला’ म्हटलं. माझ्याशी बोलत होती की सगळ्या लॅबशी, कोण जाणे. मी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

तिनं ती उचलली आणि कपाट उघडलं. माझ्या पावाला कडेपर्यंत लोणी लावलं. स्वतःचा पाव कोरडाच चहात बुडवला. मग कपाटाला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली माझ्या बशीशेजारी आणून ठेवली.