लव्हिनियाचा मासा विझला

उत्तरेकडच्या थंड मुलखात, नास नदीच्या काठावरच्या त्या मोठ्या लाकडी घरात संध्याकाळी मासेमारीसाठी जमलेली सगळी छावणी दाटीवाटीने बसली होती. मार्च निम्मा सरला तरी नदीवरचा बर्फ हलायला तयार नव्हता. दर वर्षी या दिवसांत समुद्रातून नदीत चढणारा साक मासा अजून आला नव्हता, आणि घरोघरच्या पेट्यांतलं त्याचं गेल्या वर्षीचं तेल तळाला लागलं होतं. पोट रिकामं असलं की कान फार मोठे होतात. म्हणूनच नदीच्या वरच्या अंगाकडून आलेल्या सायलसचं बोलणं सगळे श्वास रोखून ऐकत होते.

सायलसच्या अंगात साकमाई, म्हणजे या माशाची देवी, येते, असं सायलसच सांगायचा. "मी कोण? मी नुसता कान," तो डोळे मिटून म्हणाला. "माई बोलते, मी ऐकतो. या छावणीत कुणीतरी तिला दुखावलंय. कोण, ते मासाच सांगेल. मासा खोटं बोलत नाही."

मग त्याने करंडीतून एकेक वाळका मासा काढून प्रत्येक घरातल्या एकेकाला दिला. मासा वीतभर, पण अंगात तेल इतकं की सालीची वात ओवून पेटवला तर शेपटीपर्यंत जळतो. पूर्वी गोरे प्रवासी पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा हे पाहून त्यांनी तोंडात बोटं घातली आणि त्याला मेणबत्ती मासा म्हणू लागले. या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या निस्गा लोकांना त्याचं नवल नव्हतं. त्यांच्या आज्यांनी त्याच उजेडात पोरं निजवली होती.

एकेक मासा पेटला आणि संथ जळत राहिला. ज्याचा पेटला, तो सुटकेचा श्वास टाकून शेजाऱ्याकडे जरा संशयानेच पाहू लागला. शेवटी लव्हिनियाची पाळी आली. तिचा मासा तडतडला, धुरकटला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

कुणी ओरडलं नाही. बाया नुसत्या थोड्या बाजूला सरकल्या, आणि तेच लव्हिनियाला जास्त लागलं.

सायलसने निकाल दिला. ही बाई काठावर आहे तोवर मासा येणार नाही, तिने उजाडताच छावणी सोडावी. नदीच्या वळणावरची तिची जाळ्याची जागा आता विटाळली आहे. ती शुद्ध होईपर्यंत तिथे जाळं टाकायचं कष्टाचं काम, माईसाठी, सायलस स्वतः करणार होता. अख्ख्या काठावर त्या वळणाइतका मासा कुठेच लागत नसे, पण त्या दुःखाच्या घडीला हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

लव्हिनिया भांडली नाही, कारण तिच्या मनात चोर होता. गेल्या वर्षी याच नदीत तिचा नवरा गिल्बर्ट बुडाला. त्या दिवशी काठावर उभी राहून ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "जळो तो मासा. पुन्हा नाही आला तरी चालेल." साकबद्दल वाईट बोलायचं नाही, त्याच्या वासालाही नावं ठेवायची नाहीत, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तिला वाटलं, माईने ऐकलं. मामाकडून आलेली जागा, पुढच्या हिवाळ्याचं तेल, सगळं आपल्याच जिभेने घालवलं.

सकाळी सामान बांधताना तो अर्धवट जळलेला मासा हातात आला. फेकण्याआधी सवयीने तिने तो बोटांत चुरला, आणि ती थबकली. बोटं कोरडीच राहिली होती. तेल काढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, पण साकला हात लावला आणि हात तेलकट झाला नाही, असं कधी घडलं नव्हतं.

"युनिस," तिने भाचीला हाक मारली, "हा वाळवलाय, पण हा रिता मासा आहे. अंडी टाकून झालेला, अंगातलं तेल संपलेला."

युनिस गावच्या शाळेत शिकवायची. तिने मासा हातात घेतला. "रिता मासा कोण वाळवतं, मावशी? तो तर पक्षी खातात."

"कुणीच नाही वाळवत. म्हणून तर तो पेटत नाही, हे कुणाला माहीत नाही." लव्हिनियाने हातातलं सामान खाली ठेवलं.

दोघी मोठ्या घरात गेल्या तेव्हा सायलस शुद्धीची तयारी करत होता. युनिसने पोरांच्या चित्रकलेचे कागद टेबलावर मांडले आणि करंडीतला एकेक मासा कागदावर दाबायला मागितला. सायलस तापला. हा माईचा अपमान आहे, माई कोपेल, मी जबाबदार नाही. तेव्हा म्हातारा सरदार ॲम्ब्रोज शांतपणे म्हणाला, "अरे, मासा खोटं बोलत नाही ना? मग बोलू दे की त्याला."

मासे कागदांवर दाबले. कागदांवर मोठाले तेलकट डाग उमटले, आरपार उजेड दिसेल असे. फक्त दोन कागद कोरडे राहिले. त्या दोन माशांच्या शेपटीचं टोक खुडलेलं होतं, म्हणजे करंडीत न बघताही ते हाताला सापडावेत.

"आजोबा, यातला एक तुम्ही पेटवा," लव्हिनिया म्हणाली. "आणि डागाचा एक मी पेटवते."

ॲम्ब्रोजचा मासा तडतडून विझला. लव्हिनियाचा शेपटीपर्यंत जळला.

"मी काय पाप केलं रे सायलस?" ॲम्ब्रोजने विचारलं. "आता माझीही जागा तूच सांभाळणार?"

मागून एक बाई फिसकन हसली आणि मग घरभर हसू पसरलं. सायलस म्हणाला की आता कानात माईचा आवाज येईनासा झालाय. करंडी तिथेच टाकून त्याने वरची वाट धरली.

त्यानंतर उबदार वारा सुटला, बर्फ फुटला आणि समुद्राकडून पक्ष्यांचे थवे आले. त्यांच्याखाली नदी साकने चंदेरी झाली. त्या संध्याकाळी बाजूला सरकलेल्या बाया धावत लव्हिनियाकडे आल्या, तिचे हात धरून म्हणू लागल्या, "तुझ्या खरेपणाने माई पावली गं. तू होतीस म्हणून मासा आला."

लव्हिनियाने हात सोडवून घेतले.

"बर्फ फुटला म्हणून आला," ती म्हणाली. "मी शाप दिला म्हणून थांबला नव्हता, आणि मी खरी ठरले म्हणून आला नाही. आज माझ्यामुळे आला म्हणाल, तर ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी पुन्हा कुणाला तरी हाकलाल. तेव्हा आधी मासा हातात धरून बघा, आणि मग माणसाला नावं ठेवा."

बायांतली एक खाली मान घालून पुढे झाली आणि तिने लव्हिनियाच्या जाळ्याचं दुसरं टोक धरलं.