जांभळं पेन

"सही करा आणि मोकळ्या व्हा," मेट्रनबाईंनी कागद पुढे सरकवला.

साबणबाईंनी चष्मा नाकावर चढवून तो वाचला. महिन्याभरात वॉर्डातल्या तीन पेशंटांचे टाके चिघळले, कारण 'परिचारिकेचा हलगर्जीपणा'. खाली जागा त्यांच्या सहीची. सही केली की बदली भांडारात. तिथे चादरी मोजायच्या.

साबणबाई हे त्यांचं नाव नव्हे, पण दुसरं कुणाला आठवत नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांनी इतका साबण झिजवला, की त्याच्या वड्या रचल्या असत्या तर जिन्याशिवाय गच्चीवर जाता आलं असतं. एका हात बघणाऱ्यानं त्यांचा तळवा उलटसुलट पाहून, "बाई, इथलं सगळं वाहून गेलंय" म्हणून हात टेकले होते. हे वॉर्डातल्या मावशी सांगतात. मावशींचं निम्मंच धरावं.

"उद्या करते," साबणबाई म्हणाल्या.

"उद्या कशाला?"

"आज जरा काम आहे."

काम त्याच सकाळी, डॉक्टरांच्या राऊंडच्या आधी उरकलं. वॉर्डात नोंदी करायला एकच पेन होतं, काळं, फायलींच्या गाडीला दोरीनं बांधलेलं. प्रत्येक खाटेला वेगळं पेन द्या, असं साबणबाईंनी तीनदा लिहून दिलं होतं. त्यांनी पेन आधी स्पिरिटनं पुसलं, कारण गुन्हा पकडायचा होता, करायचा नव्हता. मग तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध ग्लिसरीनमध्ये कालवून त्याला पातळसं चोपडलं. काळ्यावर जांभळं कोण बघतंय?

मोठे डॉक्टर आले. हात छान धुतले, कोपरापर्यंत. मग पेन उचललं, नोंद केली आणि त्याच हातानं पेशंटची पट्टी उचलून बघितली. टाके घातलेल्या अशा नऊ खाटा.

दुपारपर्यंत नऊ पट्ट्यांच्या कडा जांभळ्या. थर्मामीटर जांभळा. मेट्रनबाईंच्या चहाच्या कपाचा कान जांभळा, आणि मोठ्या डॉक्टरांचाही, कारण विचार करताना कान खाजवायची त्यांना सवय. मागच्या दारातल्या मांजराची शेपटीसुद्धा जांभळी होती म्हणे, पण ते पुन्हा मावशींचं.

मेट्रनबाईंच्या खोलीत डॉक्टर कडाडले. "हा काय पोरखेळ लावलाय?"

"सर, तुम्ही हात धुतले होते ना?"

"तुमच्या डोळ्यांदेखत."

"धुतले. मग पेन धरलंत. माझ्या हाताखालच्या पोरींनीही धुतले, त्यांनीही धरलं. रंग आजचा आहे सर. पू महिनाभर फिरतोय."

मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुमच्या घड्याळाला काय झालंय?"

साबणबाईंनी मनगट पाहिलं. त्यांचे हात स्वच्छ होते, औषध चोपडल्यावर पेनाला त्या शिवल्याच नव्हत्या. पण घड्याळाच्या चामडी पट्ट्याच्या कडेला जांभळा डाग उमटला होता. नाडी बघताना कुठल्यातरी पट्टीला घासलं असणार. घड्याळ नवऱ्याचं. तो गेला त्या दिवशी बांधलेलं, ड्युटीवर कधीच न उतरवलेलं. पट्ट्याखाली इतक्या वर्षांचा साबण पोचलाच नव्हता.

"बघा," डॉक्टर म्हणाले.

"बघितलं." त्यांनी कागद ओढला, 'परिचारिकेचा' यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'आम्हा सर्वांचा'. खाली ठसठशीत सही केली. "पहिलं नाव माझं. आता तुम्ही. आणि भांडारात मला पाठवायचं असेल तर सगळेच जाऊ, चादरी लवकर मोजून होतील."

मेट्रनबाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. मग उठले, साबणबाईंनी पुढे केलेलं पेन बेसिनमध्ये साबणानं धुतलं, हात धुतले आणि सही केली.

"पेनं किती लागतील?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"खाटा चाळीस आहेत, सर."

साबणबाई वॉर्डात परतल्या. घड्याळ सोडून त्यांनी टेबलाशेजारच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. मनगटावर पट्ट्याएवढी गोरी पट्टी उघडी पडली होती, लहान मुलाच्या कातडीसारखी. त्यांनी नळ सोडला आणि सगळ्यात आधी ती धुतली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पहिल्या खाटेची नाडी धरली.