गाठोडं टाकलेला निरोप्या

मी एक फिरता प्रोग्राम बोलतोय. हात नाही, पाय नाही, तरी एका संगणकातून निघतो, टेलिफोनच्या तारेनं दुसऱ्यात शिरतो, तिथलं बघतो न् परत येतो. गडचिरोलीच्या फैजनं दोन हजार दोन साली मला लिहिलं, एका संस्थेच्या जंगलातल्या दवाखान्यांसाठी. कोणत्या दवाखान्यात कोणतं औषध आहे, एवढं विचारून यायचं. एटापल्लीहून फोन लावला तर नुसती खरखर, म्हणून मला धाडायचे.

पण आमच्याकडची रीत अशी, की कोणी गावाला निघालेला दिसला की त्याच्याजवळ काहीतरी द्यायचंच. एसटीच्या कंडक्टरला सोडत नाहीत, मला कोण सोडणार? पोंभुर्ण्याच्या दवाखान्यातला लटारूभाऊ माझ्यात लग्नाचं आवतन भरायचा. एटापल्लीच्या नर्स सोमारीबाई अख्ख्या गावाचे निरोप टाइप करायच्या. फैज चिडायचा, "बाई, प्रोग्राम आहे तो, बैलबंडी नाई!" बाई म्हणायच्या, "जाऊनच राह्यला, तर रिकामा काऊन?"

मोहाच्या दिवसांत एका सकाळी बाईंचा भाऊ चैतू आला. त्याची लेक कमळा पोंभुर्ण्याला दिलेली. "तिले सांग, मोहफूल मस्त पडून राह्यलं. ये म्हणा." बाईंनी तेही माझ्या गाठोड्यात टाकलं.

दुपारी त्यालाच खाटेवर घालून आणलं. मोह वेचताना साप चावला होता, न् कपाटातली सापाच्या विषावरची लस संपलेली. कुठं आहे ते बघायला बाईंनी मला धाडलं, गाठोड्यासकट. गाठोडं जड, मी अर्ध्यात पोचायचो न् तार तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. इकडं चैतूच्या पापण्या मिटत चाललेल्या. "जळो ते निरोप!" म्हणत बाईंनी सगळे पुसले. तसा मी गेलो न् लगेच आलो. लस गडचिरोलीला होती. चैतूला घेऊन जीप निघाली. तो वाटेतच गेला.

मला काही वाटलं नाही. वाटायला माझ्यात जागाच नाही.

मातीहून परतताना कमळा दवाखान्यात येऊन बसली.

"आत्या, बाबानं मले काही निरोप दिला होता काय?"

"मोहफूल पडलं, ये म्हणे."

"आली ना मी," कमळा म्हणाली. 

फैजनं मला नव्यानं लिहिलं. आता मी ओझं घेतच नाही. तार तुटली तर थांबलो तिथूनच पुढं जातो. सगळ्या दवाखान्यांकडं एकदमच माझ्या प्रती निघतात, एक उत्तर घेऊन आली की बाकीच्या जिथल्या तिथं विझतात. आम्ही एकमेकांना ओळखतही नाही. काम चोख. लटारूभाऊ म्हणतो, "आला कधी, गेला कधी, समजतच नाई." सोमारीबाई नुसता प्रश्न घालतात, उत्तर घेतात, पडदा बंद करतात.

तेव्हा औषधाचं असेल तर मला विचारा, उभ्या उभ्या सांगून जाईन. लेकीला बोलवायचं असेल, तर ते सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्या. तो घेतो.