खुर्च्या उचलल्या त्या दिवशी

तो आदेश तुम्हीच काढलात. तुमचं नाव घेत नाही, कारण नावं बदलतात, सही तेवढी तशीच वळवळत राहते. कर्मचारी फार बसतात, तब्येती बिघडतात, म्हणून एक दिवस खुर्चीविना काम करायचं, असं तुम्ही कळवलंत. लोहाऱ्यातल्या एका ऑफिसात त्या सकाळी शिपाई बंडप्पा खुर्च्या ओढत मागच्या खोलीत कोंडत होता आणि कारकून श्रीमंत त्याच्या मागंमागं फिरत होता.

"बंडप्पा, एक ऱ्हाऊ दे. आबा यायलेत आज."

"साहेब माझं कातडं सोलतील की. फोटो जायचेत वर."

"पाच मिनिटं रं. त्यांनी बघितलं की उचल."

"मग उद्या या म्हणावं त्यास्नी."

"निघालेत ते. फोन न्हाय त्यांच्याजवळ."

बंडप्पानं मान हलवली आणि श्रीमंतची खुर्चीही आत नेली.

श्रीमंतचा बाप गोरोबा जळकोटच्या बाजूचा मेंढपाळ. मेंढपाळाला बसता येत नाही. तो जरा टेकला की कळप कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरतो, आणि शेताचा मालक मेंढरांना नाही, माणसाला मारतो. गोरोबानं तसा मार खाल्ला होता, लहानग्या श्रीमंतसमोर. म्हणून पोरगा नोकरीला लागला तेव्हा त्यानं गावात ना पद सांगितलं, ना पगार. "आमचं शिरमंत बसून काम करतंय," एवढंच पारावर सांगत राहिला. या उन्हाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला, मेंढरं विकावी लागली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला सवड मिळाली. म्हणाला, "डोळ्यात पुरता मोतीबिंदू यायच्या आत एकदा तुला बसल्यालं बघतो."

बसून बसून माणूस आजारी पडतो, हे खोटं नाही. श्रीमंतला शुगर आहे, पाठ कामातून गेली आहे. पण तो एवढा का बसतो, ते विचारलंत कधी? शेजारची दोन टेबलं कित्येक वर्षं रिकामी आहेत, त्यांचंही काम तोच उपसतो. त्या जागा भरा म्हटलं की तुमच्याकडं निधी नसतो. उभे राहा म्हणायला काय लागतं?

गोरोबा दारात आला तेव्हा सगळे कारकून रांगेत हात वर करून उभे होते. बंडप्पा मोबाईलवर फोटो काढत होता.

गोरोबा तिथंच थबकला. "शिरमंता, काय चुकलं रं?"

रांगेत हशा पिकला. श्रीमंतनं हात खाली घेतले. "काय न्हाय आबा. आज उभं ऱ्हायाचा दिवस हाय."

"कसला?"

"वरनं आदेश आलाय. समद्यांनी कमी बसायचं. तब्येतीसाठी."

"तुझी खुर्ची कुठंय?"

"आत ठेवलीय."

केबिनच्या काचेपलीकडं साहेब बसून चहा पीत होते. त्यांची खुर्ची कुणी उचलली नव्हती. गोरोबानं काठीनं तिकडं दाखवलं.

"मग त्यो कोण बसलाय?"

"साहेब हायेत ते."

"त्यास्नी तब्येत न्हाय व्हय?"



श्रीमंत केबिनमध्ये गेला. "साहेब, वडील आलेत. मला खुर्चीवर बसलेलं बघायचंय त्यांना. दोनच मिनिटं."

"अहो, उद्या बसा की दिवसभर. आज कुणी बघितलं तर मी वर काय तोंड दाखवू?" साहेबांनी बाहेर पाहिलं. "उलट त्यांनाही घ्या फोटोत. ज्येष्ठ नागरिकांचा सहभाग म्हणून."

गोरोबाला रांगेत उभं केलं. "हात वर करा, बाबा," बंडप्पा म्हणाला. काठी सोडली तर तो पडला असता. त्यानं एकच हात वर केला.

गावाकडची जीप भरेपर्यंत बापलेक रस्त्याच्या कडेला थांबले. गोरोबा हळूच म्हणाला, "खरं सांग. घरी बसिवलंय न्हवं तुला?"

नोकरीवरून काढलं की इकडं 'घरी बसवलं' म्हणतात.

"न्हाय ओ आबा! आईची आन."

"मेलेल्या बाईची आन घिऊ नगंस. हात वर करून उभा केल्यालं म्या बघितलंय. आदेश असता तर त्यो साहेब कसा बसला असता?"

"उद्या या. माझ्या खुर्चीवर बसून दावतो."

"दावशील की. कुणाच्याबी खुर्चीवर बसशील." त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला. "म्या कुणाला सांगत न्हाय. तू लेकरांची शाळा तेवढी मोडू नगंस. बघतो म्या."

त्यानं काय बघितलं, ते श्रीमंतला पुढच्या आठवड्यात गावाकडून कळलं. पोराच्या घराला हातभार म्हणून गोरोबा गावातल्या कल्याणप्पाची मेंढरं राखायला लागला होता. त्या गुडघ्यांनी. पारावर कुणी श्रीमंतचं विचारलं, तर "हाय की लोहाऱ्याला" एवढंच म्हणत होता.

रविवारी श्रीमंत त्याला आणायला गेला. ओळखपत्र दाखवलं, पगाराची चिठ्ठी दाखवली. गोरोबानं ती हातातही घेतली नाही. उन्हात, कापणी झालेल्या रानात तो काठीवर भार टाकून उभा होता.

"आबा, जरा खाली तरी बसा."

"मेंढरं हायेत," गोरोबा म्हणाला, आणि कळपामागं चालायला लागला.

तुम्हाला फोटो पोचले असतील. एक हात वर केलेला म्हातारा त्यात आहे. आता विचारतो, त्या एका साहेबाला बसायची मुभा कुणी दिली? उत्तर लिहून पाठवू नका, गोरोबाला वाचता येत नाही. त्या रानात या आणि त्याच्या तोंडावर सांगा की तुझ्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं.

कधी येताय?