सगळे उभे राहिले तर

आमिश मुलांवरच्या माझ्या रेफराटला, म्हणजे वर्गापुढच्या भाषणाला, एक मिळाला. इथे एक म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड आणि सहा म्हणजे नापास. हे पुण्याच्या आत्याला फोनवर समजावताना दर वेळी गोंधळ होतो. हॅनोव्हरच्या या शाळेत आले तेव्हा मी खिडकीच्या पडद्यासारखी बसायचे, कोणी ओढलं तरच हलायचे. आता दहावीत मी उभी राहिले की आमच्या बाई, फ्राऊ ब्रांट, घड्याळाकडे बोट दाखवतात.

तर आमिश. अमेरिकेत राहतात, गाडी नाही, टीव्ही नाही, घोड्याची बग्गी. मूळचे इकडचेच, पण आता जर्मनीत त्यांच्यातलं कोणी उरलं नाही. मुलं सोळाची झाली की आईवडील काही काळ काणाडोळा करतात. मग मुलं जीन्स घालतात, पार्ट्या करतात, रात्रभर भटकतात आणि शेवटी ठरवतात: बाप्तिस्मा घेऊन कायमचं आमिश व्हायचं की बाहेर पडायचं. बहुतेक सगळे परत जातात.

"आल्झो, तर मग," मी शेवटी म्हणाले, "ज्याला दुसरं काही धड माहीतच नाही, त्याने निवड केली असं म्हणायचं का?"

हे वाक्य मी आरशासमोर घोटून आले होते. सगळा वर्ग ताबेयाकडे बघायला लागला.

ताबेया पेनर आमिश नाही. ती मेनोनाइट, म्हणजे आमिशांच्या जवळचाच एक ख्रिस्ती पंथ; तिचे आईवडील कझाकस्तानातून आलेले जर्मन. त्यांच्याकडे गाडी आहे, तीही आठ सीटची, कारण भावंडंच तितकी. पण टीव्ही नाही. ताबेया लांब स्कर्ट घालते, वेणी घालते आणि पोहण्याच्या तासाला बाकावर बसून आमच्या पिशव्या सांभाळते. माझी मैत्रीण म्हणावी अशी शाळेत ती एकटीच. बाकीच्यांशी मी बोलते खूप, पण ते निराळं.

"तुमच्यातही असं मोकळं सोडतात का?" मागून कोणीतरी विचारलं.

"बुधवारी बायबल, शुक्रवारी कॉयरमध्ये गाणं, शनिवारी खिडक्या पुसायच्या," ताबेया म्हणाली. "सोडणार कधी?"

सगळे हसले. तीही हसली. शाळा सुटल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता मात्र म्हणाली, "मी मागितलाय. बाप्तिस्मा. रविवारी मला उभं करून विचारणार आहेत."

"आणि शाळा?"

"दहावीनंतर सोडणार. बीलेफेल्डजवळ माझी मावशी असते, तिथे नर्सची आउसबिल्डुंग, काम करता करता शिकायचं. बाबांनाही तेच बरं वाटतं."

मी सायकल ढकलत राहिले. मी गप्प बसले की ताबेयाला काळजी वाटते. तिने लगेच विचारलं, "रविवारी येशील? बाहेरच्यांना बसू देतात."

आता माझं सांगते. जानेवारीपासून आई गार्चिंगला असते, पार दक्षिणेत, तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये तिला हवी तशी नोकरी मिळाली. बाबा इथे, गाड्यांच्या ब्रेकच्या कामात. आई जाण्याआधी दोघांनी मला सोफ्यावर बसवलं. "ईश्वरी, बाबांजवळ राहायचं की उन्हाळ्यानंतर माझ्याकडे यायचं, ते तुझं तू ठरव. आम्ही मध्ये बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाहीत. मी हे वर्गभर सांगत सुटले होते. असे आईबाबा आहेत का कोणाकडे? संध्याकाळी घरी आले की मी सगळ्या खोल्यांतले दिवे लावते, रेडिओ लावते, हवं ते खाते. बाबा आले की विचारतात, "सगळं ठीक?" मी म्हणते, "गेनाऊ," म्हणजे अगदी. मग ते लॅपटॉप उघडतात.

मी मनात हॅनोव्हर ठरवलं होतं. बाबांमुळे नाही. ताबेयामुळे.

त्यांचं बेटहाउस, म्हणजे प्रार्थनेची जागा, टायरच्या दुकानाशेजारच्या एका साध्या हॉलमध्ये आहे. मूर्ती नाही, चित्र नाही, उदबत्तीसारखा वाससुद्धा नाही. नुसत्या खुर्च्या. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. मी माझ्याकडची त्यातल्या त्यात लांब कुर्ती घालून गेले होते, तरी एका आजीने माझ्या गुडघ्यांवर शाल टाकली आणि थोपटलं.

ताबेया पुढे उभी राहिली. केव्हापासून विश्वास बसला, का बसला, ते तिने सांगितलं. वर्गात बोलते त्याहून मोठ्या आवाजात. मग कोणीही प्रश्न विचारायचे. एकाने विचारलं, "कोणी जबरदस्ती केली?" ती म्हणाली, "नाही." त्यांच्यात पुढची रीत अशी: मुलीने बाहेर जायचं, माझ्यासारख्या पाहुण्यांनीही जायचं आणि आत ज्यांची संमती असेल त्यांनी उठून उभं राहायचं. सगळेच्या सगळे उभे राहिले तरच बाप्तिस्मा.

आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. तिथे कॉफीचे भलेमोठे थर्मास आणि केकचे ट्रे झाकून ठेवलेले. मागचं दार उघडं होतं.

"एस-बानचं स्टेशन इथून जवळ आहे," मी म्हणाले. "आत्ता उठून निघालीस तर कोण अडवणार आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय? रेफराट संपला ना तुझा?" तिने केकचा कोपरा मोडून मला दिला. "तुला वाटतं मला दुसरं काही माहीत नाही. अगं, मी रोज तुमच्यातच बसते. सगळं बघते."

"तू गेल्यावर मी अकरावीत कोणाशी बोलायचं?"

मला हे बोलायचं नव्हतं. मला स्वातंत्र्यावर बोलायचं होतं, माझी तयारीही झाली होती. ताबेयाने हात पुसले.

"तू इथे आलीस ते घरी माहीत आहे?"

"मला सांगावं लागत नाही," मी म्हणाले. नेहमी हे ऐटीत म्हणते. त्या वेळी आवाज कसातरीच निघाला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला त्या बघण्याचा राग आला.

शालवाल्या आजी आल्या. ताबेया उठली तर त्या म्हणाल्या, "बस बाळा." मग स्वतःच बसल्या. "बाकी सगळे उठले. तुझे बाबा उठले नाहीत."

ताबेया उभीच राहिली.

हेर पेनर दारात येऊन उभे राहिले. फरशा बसवून बसवून त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे ते चौकटीला धरूनच उभे राहतात. "मला वाटलं, तू माझ्यासाठी मागते आहेस," ते म्हणाले. "माझ्यासाठी घ्यायची ही गोष्ट नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू. तोवर शाळेत राहा, मी काही म्हणणार नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. इतका झाला की मी खाली मान घालून केकचा चुरा गोळा करत बसले. एक अख्खं वर्ष. आणि त्या कडक मेनोनाइट बाबांनी दिलेलं.

"सगळ्यांसमोर, बाबा," ताबेया म्हणाली.

"हो. सगळ्यांसमोरच विचारतात."

ती रडली नाही. बराच वेळ थर्मासचं झाकण घट्ट करत राहिली, ते आधीच घट्ट होतं. मग म्हणाली, "बाप्तिस्म्याचं ठीक आहे, थांबते. पण मावशीकडे मी जाणार. ते तुम्हाला बरं वाटतं म्हणून नाही. मला पेशंट सांभाळायचेत. उद्या तुम्ही नको म्हणालात तरी जाणार."

हेर पेनर तिच्याकडे बघत होते. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांनी नुसती मान हलवली, आणि मला कळलं की तिचं ठरलं, आणि यात मी कुठेच नव्हते. आजींनी ताबेयाला जवळ घेतलं. मग तिची आई आली, मग बहिणी, मग कोण कोण. त्या घोळक्यात मला तिची फक्त वेणी दिसत होती. मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि उघड्या दाराने निघाले. खरंच कोणी अडवलं नाही.

घरी बाबा पोळीला पर्याय म्हणून आणलेले टॉर्टिया तव्यावर गरम करत होते.

"सगळं ठीक?"

"नाही," मी म्हणाले. "बाबा, मी आईकडे गेले तर तुम्हाला चालेल?"

"अगं, तुला कम्फर्टेबल वाटेल तसं. आपलं ठरलंय ना, तुझं तू..."

"ते नाही विचारलं. तुम्हाला चालेल का?"

त्यांनी टॉर्टिया उलटला. पुन्हा उलटला. कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या.

"नाही चालणार," ते तव्याकडेच बघत म्हणाले. "अजिबात नाही चालणार. पण हे मी बोलायला नको होतं, तुझ्यावर उगाच प्रेशर येतं."

"येऊ दे," मी म्हणाले आणि दोन ताटल्या काढल्या. माझं अजून काहीच ठरलं नव्हतं.