हातचा एक

मी मणीघोडी बोलतेय. हसा खुशाल! लाकडाचा पाट, त्यावर एकक, दशक, शतकाच्या तीन उभ्या सळ्या आणि त्यांत ओवायचे रंगीत मणी, एवढाच माझा संसार. नाव दुसरीतल्या पोरांनी ठेवलंय आणि मला ते आवडतं.

सुताराने घासूनपुसून मला घडवलं तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. वर्गात मुलं माझ्यासाठी भांडायची. पुढे चकचकीत तक्ते आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. पाली अंगावरून जायच्या. माणसांना नव्याचं कौतुक फार! पण मीही मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी मोडायचं नाही.

मग नव्या बाई आल्या. त्यांच्या वर्गात एक चिमुरडी होती, सगळे तिला मुंगी म्हणत. बेरजेत हातचा घ्यायला ती हमखास विसरायची. एकदा मुख्याध्यापकांनी फळ्यावरचं तिचं उत्तर पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हिला पुन्हा पहिलीत बसवू. उगाच ओढाताण नको."

मुंगीचं तोंड एवढंसं झालं.

"सर, मला आठवडाभर द्या," बाई म्हणाल्या. "मग तुम्हीच विचारा तिला."

शाळा सुटल्यावर बाईंनी फोनमधल्या एआय मदतनिसाला कामाला जुंपलं. दुसरी संपताना मुलांना काय यायलाच हवं ते ठरलेलं असतं, शाळेत त्याला अध्ययन निष्पत्ती म्हणतात. त्यातलं एक वाक्य बाईंनी वाचून दाखवलं: हातच्याची बेरीज करता येते आणि हातचा का घेतला ते सांगता येतं. "यावर पाठ आखून दे."

पाठ चुटकीसरशी तयार. मुलांनी हाताला रंग लावून कागदावर ठसे उमटवावेत, मग बोटं मोजावीत! बाई पोट धरून हसल्या. "अरे शहाण्या, हातचा म्हणजे हाताचा नव्हे!" कपाटावर मलाही हसू आवरेना. पण बाई चिवट. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. मदतनिसाने चूक कबूल केली आणि विचारलं, "तुमची मुलं नेमकी कुठे अडतात?"

मुंगीला बाईंनी हे कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर मुंगी हळूच म्हणाली, "बाई, सगळे म्हणतात हातचा एक. पण माझ्या हातात तर काहीच नसतं!"

यंत्र अडखळलं तिथेच पोरही अडली होती. बाईंनी खुर्ची ओढली, वर चढून मला खाली काढलं, फुंकर मारली, रुमालाने पुसलं. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू!

"हे बघ, दहा सुटे झाले की काढून टाकायचे. त्यांच्या बदल्यात हा दशकाचा एक लाल मणी. धर मुठीत. हाच तुझा हातचा."

संध्याकाळी बाईंनी मदतनिसाला तेच सांगितलं. "आता या मुठीतल्या मण्यापासून पाठ आखू. आधी मणी, मग वही, शेवटी हातचा का घेतला ते तोंडी." त्याने सुचवलेलं पटलं तेवढं बाईंनी ठेवलं, बाकीचं खोडलं. आठवडाभर मला क्षणाची उसंत नव्हती.

मुख्याध्यापक आले. "सत्तावीस आणि पंधरा?"

मुंगीने मणी ओवले, दहा सुटे काढले, लाल मण्यावर मूठ मिटली. "बेचाळीस."

"हातचा का घेतलास?"

तिने मूठ उघडली. "सर, त्या दहा सुट्यांचा हा एक दशक झाला. दशकाच्या घरी पोचेपर्यंत तो माझ्याकडे असतो."

सरांनी वाकून मणी पाहिला. मग म्हणाले, "जा, बस आपल्या जागेवर. दुसरीतच."

मुंगी धूम पळाली, मूठ तशीच मिटलेली. बाईंनी पाहिलं, पण हाक मारली नाही.

आता मी बाईंच्या टेबलावर असते. माझे लाल मणी नऊच आहेत. परवा कुणीतरी मोजून म्हणालं, एक हरवलाय, नवा आणू. माझं एवढं ऐका, आणू नका. तो हरवलेला नाही. तो हातचा आहे.